असूदेकाकूंचा पेटारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पक्ष्यांना माणसांची भाषा येत असे. माणसांना मात्र दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. ती अजूनही नाही, पण ते जाऊ द्या.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक काकू राहत होत्या. मनानं भल्या, हातानं सुगरण. पण घरात आलेली वस्तू काही केल्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. दांडी मोडलेला डाव असो की जोड हरवलेली वहाण, काकूंचं उत्तर ठरलेलं, "असू दे. लागेल कधीतरी." म्हणून सगळा गाव त्यांना असूदेकाकू म्हणायचा.

होता होता काकूंच्या घरात वस्तू राहू लागल्या आणि काकू ओसरीवर झोपू लागल्या. उन्हाळ्यात ते निभावलं. पण वैशाख सरत आला तशी त्यांना काळजी पडली. पाऊस लागला की ओसरीवर झोपायचं कसं? त्यांनी गावच्या सुताराला बोलावलं.

"सुतारदादा, मला एक मोठ्ठा पेटारा करून द्या. घरात दोन आहेत, त्यांच्या दुप्पट. सगळं त्यात कोंबलं की अंथरुणापुरती जागा होईल."

"पण काकू, पेटाऱ्यालाही जागा लागेल."

"लागेल तेव्हा बघू!"

सुतारानं डोकं खाजवलं. "एवढ्या रुंद फळ्या निघतील असं एकच झाड उरलंय. वेशीवरचा बेहडा."

दोघं बेहड्यापाशी गेले. झाड जुनं, भलंथोरलं. उंचावर एक ढोली होती आणि तिचं तोंड लिंपून टाकलेलं होतं. मध्ये फक्त एक अरुंद फट. सुतारानं कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात मोठ्या चोचीचा एक धनेश पक्षी भर्रकन आला. चोचीतलं फळ त्यानं फटीतून आत दिलं आणि मग खाली पाहिलं.

"दादा, कुऱ्हाड खाली ठेवा. आत माझी बायको आहे आणि पिल्लू आहे. पिल्लू मोठं होईपर्यंत आम्ही ढोलीचं दार लिंपून घेतो. तिला बाहेर पडता येत नाही."

आतून आवाज आला, "कोण आलंय हो?"

"पाहुणे आलेत."

"मग त्यांच्या हातात कुऱ्हाड कशाला?"

सुतारानं कुऱ्हाड पाठीमागे लपवली. काकूंनाही कसंनुसं झालं, पण डोळ्यांपुढे ओली ओसरी होती. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, तू दुसरं झाड बघ की."

"कुठलं बघू? एवढी ढोली जुन्या झाडालाच असते. जुनी झाडं गेली कुठं?"

सुतार हळूच म्हणाला, "घराघरांत उभी आहेत. पेटारे होऊन."

धनेश काकूंकडे वळला. मग म्हणाला, "काकू, माझ्या ढोलीत काय आहे ते मी सांगितलं. तुमच्या पेटाऱ्यांत काय आहे?"

काकू बोटांवर मोजायला लागल्या. त्यांना एकही वस्तू आठवेना.

"आठवत नसेल तर राहू द्या," धनेश म्हणाला. "पण हे झाड तेवढं असू दे. लागेल कधीतरी."

सुतार फिस्सकन हसला. काकूंचा पारा चढला. "माझाच शब्द मला ऐकवतोस? थांब, आत्ता बघून येते आणि सांगते!"

घरी येऊन काकूंनी पहिला पेटारा उघडला. त्यात झाकणं होती, भांडी नव्हती. दुसऱ्यात भांडी होती, झाकणं नव्हती. आणि अगदी तळाशी होती शेजारच्या सगुणाची काठवट, भाकरीचं पीठ मळायची.

काकूंनी ती बाहेर काढली. ही काठवट सगुणानं कितीदा मागितली होती! "कधीच परत दिली," असं काकू ठणकावून सांगायच्या. शब्दानं शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं. शेवटी सगुणानं नवी काठवट करून घेतली. त्यासाठी तळ्याकाठचं जांभळाचं झाड पडलं. एवढी वर्षं मैत्रीण घराबाहेर राहिली आणि तिची काठवट घरात. काकूंना रडू आवरेना.

आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. काकूंनी काठवटीत गरम भाकऱ्या घातल्या आणि सगुणाचं दार वाजवलं. सगुणानं आधी काठवटीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"इतक्या उशिरा आणलीस, तर निदान पिठलं तरी आणायचंस गं!" ती म्हणाली. मग दोघीही हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दोघींनी एक पेटारा ओढत देवळाच्या ओसरीवर नेऊन ठेवला. ज्याच्याकडे जे जास्त, ते त्यानं त्यात ठेवायचं. ज्याला जे हवं, ते त्यानं न्यायचं आणि काम झालं की परत आणून ठेवायचं. झाकणांना भांडी मिळाली. सगुणाची नवी काठवट तर कोणाचं लग्न निघालं की त्या घरी मुक्कामाला जाऊ लागली.

"मग मी काय करू?" सुतारानं तोंड पाडून विचारलं. "आता पेटारे कोण करून घेणार?"

काकूंनी मोडक्या वस्तूंचा ढीग त्याच्यापुढे ओतला. "हे दुरुस्त करा. तुमच्या नातवालाही पुरेल!"

पावसाच्या आधी धनेशाचं पिल्लू उडालं. पाऊस आला तेव्हा काकू घरात पाय पसरून कौलांवरचा आवाज ऐकत पडल्या होत्या. धनेशांनी खाल्लेल्या फळांच्या बिया डोंगरभर पडल्या, आणि पुढं त्यांची झाडं झाली.

एकदा फेरीवाला आला. "काकू, नवा डबा घ्या ना. असू दे घरात!"

"पुरे," काकू म्हणाल्या.

गाव त्यांना तरीही असूदेकाकूच म्हणत राहिला. पण 'असू दे' हे शब्द त्या आता एकाच प्रसंगी वापरायच्या, कुणी कुऱ्हाड घेऊन झाडाकडे निघाला की.

तात्पर्य: घरात 'पुरे' म्हणता आलं, तरच रानाला 'असू दे' म्हणता येतं.