फितवलेला दिवा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ, शिवाय गढूळ. म्हणून ग्रामपंचायतीने चावडीशेजारी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि ते सांभाळायला रंगनाथला नेमलं.

रंगनाथ कामात हुशार होता. मोटारीच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचा. "रंगनाथच्या हाताला गुण आहे," असं लोक म्हणायचे आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

यंत्राच्या पोटात एक फिल्टर असे. ठरलेलं पाणी गाळून झालं की तो काढून नवा बसवायचा. फिल्टरच्या बुडाला नखाएवढी चकती असे आणि यंत्र ती चकती वाचायचं. फिल्टर अस्सल असला, त्याची मुदत शिल्लक असली, तरच हिरवा दिवा लागायचा आणि नळाला पाणी यायचं. नाहीतर लाल दिवा आणि नळ बंद. गावातल्या शेंबड्या पोरालाही ही खूण पाठ होती. हिरवा दिवा म्हणजे पाणी चांगलं.

ऐन वैशाखात दिवा लाल झाला. नवा फिल्टर मागवला होता, पण तो वाटेत कुठेतरी अडकला. नळासमोर हंडे-कळश्यांची रांग लागली. आवाज चढू लागले. "काय रंगनाथ, हाताचा गुण संपला वाटतं," असं कोणीतरी बोललं. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

तो तालुक्याला गेला. बाजारातून बिननावाचा फिल्टर घेतला. दिसायला अगदी अस्सलसारखा. जुन्या फिल्टरची चकती त्याने खिशात घालून नेली होती. एका दुरुस्तीवाल्याने तिच्यातली गाळलेल्या पाण्याची नोंद पुसून ती नव्यासारखी करून दिली. गावी येऊन रंगनाथने ती नव्या फिल्टरच्या बुडाला चिकटवली आणि यंत्र सुरू केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हिरवा दिवा लागला.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. अस्सल फिल्टर आला की बदलून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं. पुढे अस्सल फिल्टर आलाही. पण दिवा हिरवाच होता. चालतंय ते कशाला मोडा, असं म्हणून त्याने खोकं न उघडता फळीवर ठेवून दिलं.

आषाढ लागला आणि गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी शाळेतली दोन-तीन मुलं, मग माळीआळीतली म्हातारी माणसं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर घरोघर फिरू लागल्या. "पाणी कुठलं पिता?" त्या विचारायच्या. लोक सांगायचे, "यंत्राचं. हिरव्या दिव्याचं." मग त्या पुढच्या प्रश्नाकडे वळायच्या.

रंगनाथ सारखा दिव्याकडे बघू लागला. दिवा हिरवा होता. पण तो हिरवा का आहे, हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. यंत्र उघडून फिल्टर बघावा, असं त्याला वाटे. उघडायला गेला की हात मागे येई. बघितलं आणि खराब निघालं तर? मग सांगावं लागेल. न बघितलेलं बरं.

एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "आजपासून पाणी उकळून घेत जा."

"का हो? दिवा तर हिरवाच आहे ना?" इंदूने विचारलं.

"पावसाळा आहे," एवढंच तो बोलला आणि भाकरी मोडत बसला. आपल्या घरापुरतं पाणी उकळलं, बाकीच्या घरांचं काय, हा प्रश्न त्याच्या ताटासमोर बसला होता.

गावाला मात्र कोणीतरी दोषी हवंच होतं. बसथांब्यावर कौसाबाईंची रसवंती होती. नवरा गेल्यावर या बाईने उसाच्या रसावर घर चालवलं होतं. आजारी पडलेल्या पोरांनी तिच्याकडे रस प्यायला होता, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. झालं, लोक तिच्या दारात जमले. सरपंच वत्सलाताईही आल्या.

कौसाबाई म्हणाल्या, "ताई, मी भांडी धुते ती यंत्राच्या पाण्याने. बर्फ करते तोही त्याच पाण्याचा. दिवा बघितल्याशिवाय कधी घागर भरली नाही." मग त्यांनी गर्दीत रंगनाथला शोधलं. "रंगनाथ, तू सांग बाबा. पाणी चांगलं आहे ना?"

सगळे त्याच्याकडे वळले.

"दिवा हिरवा आहे," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते खोट्याहून वाईट होतं. पाणी दोषातून सुटलं आणि कौसाबाई अडकल्या. रसवंतीला कुलूप लागलं. कोणीतरी चरकाचं चाक ढकलून चिखलात पाडलं. कौसाबाईंनी ते उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशाच घरी गेल्या.

रंगनाथने स्वतःची समजूत घालायची खटपट केली. कोण जाणे, दोष रसाचाच असेल. पण रसवंती बंद झाली तरी आजार थांबला नाही. माळीआळीतल्या एका पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं. आता रस्त्यात कोणी हाक मारली तरी रंगनाथ न थांबता पुढे जाई.

मग एका सकाळी कौसाबाई कळशी घेऊन नळावर आल्या. डोळे रडून सुजलेले. त्यांनी कळशी नळाखाली लावली.

"नातवाला रात्रीपासून उलट्या होतायत," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हणतात, घोट घोट पाणी पाजत राहा. माझा रस वाईट म्हणून लोक थुंकतात माझ्यावर. तुझं पाणी तरी चांगलं आहे, तेवढाच आधार."

त्यांनी नळ सोडला. कळशीत पाणी पडू लागलं. रंगनाथने त्या धारेकडे बघितलं. आता गप्प बसलो तर हे पाणी त्या पोराच्या ओठाला आपण स्वतः लावल्यासारखं होईल, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने पुढे होऊन नळ बंद केला.

"कौसामावशी, हे पाणी पाजू नका."

"अरे, दिवा हिरवा आहे की."

"दिव्याला मी फितवलंय," तो म्हणाला. त्याने कळशी त्यांच्या हातातून घेतली आणि ओतून दिली. "माझ्या घरी उकळलेलं पाणी आहे. इंदूकडून ते घेऊन जा. लवकर जा."

उकळलेलं पाणी त्याच्या घरी कसं, हे कौसाबाईंना तिथेच उमगलं. तरी त्या वळल्या आणि भरभर चालू लागल्या. पोराला पाणी हवं होतं.

रंगनाथने चावडीसमोर सरपंचांना आणि सिस्टरांना बोलावलं. सगळ्यांच्या देखत यंत्र उघडलं. फिल्टरला उभी भेग गेली होती आणि आतून हिरवी बुळबुळ लागली होती. त्याने चकती नखाने उचकटून वत्सलाताईंच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

मग तो दारोदार गेला आणि साठवलेलं पाणी ओतून टाकायला सांगू लागला. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी तोंडावर दार लावलं. कौसाबाईंचा नातू वाचला. दवाखान्यातली पोरगीही अशक्त होऊन का होईना, घरी आली. चरकाचं चाक रंगनाथने स्वतः उचलून बसवलं. कौसाबाईंनी त्याला बसवू दिलं, पण रस प्यायला थांब म्हणाल्या नाहीत.

यंत्राचं काम त्याच्याकडून गेलं. फळीवरचा अस्सल फिल्टर दुसऱ्या माणसाने बसवला. सिस्टरांनी पाणी तपासून आणलं. ते निर्मळ होतं, दिवाही हिरवा लागला. तरी बायका दिव्याकडे बघायच्या, पाणी भरायच्या आणि घरी नेऊन उकळायच्या. संध्याकाळी घराघरातून धूर निघायचा. पाणी चांगलं असून गाव सरपण जाळत होतं, आणि रंगनाथ ओट्यावर बसून तो धूर बघत असे.

तात्पर्य: खऱ्याखोट्याची पारख करणाऱ्या खुणेलाच जो फितवतो, त्याचं खोटं तर उघडं पडतंच, पण पुढे खऱ्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.