गोमाबायचं माप

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या वाशेळे गावात मोठं मिठागर होतं. रोजची मजुरी तांदळात मिळायची. बाप्याला भरली पायली, बाईला अर्धी.

जोमा तिथला गाजलेला गडी. त्याच्या मिठाच्या राशीएवढी उंच रास कुणाची नसायची. मग खाडीपलीकडून गोमाबाय आली. विधवा, एकटी, हाडकुळी. असं म्हणतात, तिनं वाफ्यात फळी घातली की मीठ वासरासारखं तिच्या मागं यायचं. महिन्याभरात तिची रास जोमाच्या वर गेली.

जोमाला अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, "तिला तर अर्धीच पायली मिळते. तुमचं काय गेलं?"

"माप घरात येतं," जोमा म्हणाला. "रास सारा गाव बघतो."

तरी संध्याकाळी मुकादम तिच्या पदरात अर्धं माप ओती, तेव्हा जोमाच्या जिवाला जरा गार वाटे. एके दिवशी तेही सुख गेलं. गोमाबायनं पदर पसरलाच नाही.

"मुकादम, रास बघून माप घाला. लुगडं बघून नको."

मुकादम हसला. ती जाऊन आपल्या राशीपाशी बसली. हळूहळू साऱ्या बायका तिच्याजवळ येऊन बसल्या. काम थांबलं.

सगळं गाव तिच्याकडं बघत होतं, जोमाकडं कुणीच नाही. त्याच्या काळजाला इंगळ्या डसल्या. अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, त्यानं तिच्या वाफ्याचा बांध फोडला. पण पाणी एका वाफ्यावर थांबतंय होय? सगळं मिठागर बुडालं. जोमाची रासही विरघळली. बायका गोमाबायच्या राशीवर चढल्या, आणि असं म्हणतात, खाडी त्या राशीला वळसा घालून गेली. मिठाचा खडाही विरला नाही.

ओहोटीला मालक धावत आला. धक्क्याला गलबत लागलेलं, आणि भरायला ती एकच रास.

"भरा," तो म्हणाला.

"आधी माप," गोमाबाय म्हणाली.

त्या दिवशी बायांना भरली पायली मिळाली.

जोमाच्या फावड्याला बांधाची माती चिकटलेली होती. गोमाबायनं ती पाहिली. कुणापाशी बोलली नाही. "जोमादादा, टोपली उचलू लागा," एवढंच म्हणाली. ते त्याला जन्मभर सलत राहिलं.

गोमाबायला जाऊन पिढ्या लोटल्या. अजून वाशेळ्यात हंगामाची पहिली मजुरी वाटताना पहिलं माप शिगोशीग भरून बाईच्या पदरात घालतात. त्याला गोमाबायचं माप म्हणतात. ते भरायचा मान जोमाच्या घराण्याचा. असं म्हणतात, म्हातारपणी जोमानंच तो पंचांकडून हट्टानं मागून घेतला. तिचं नाव निघेल तिथं आपलंही निघावं, ही आग त्याची मरेपर्यंत विझली नाही.