भिंतीपर्यंतची वाट

"मग आता पळायचं तरी कुठं, मास्तर?"

रेवती थोरातने तिसऱ्यांदा विचारलं. कुंभारमास्तर बुटाची नाडी बांधत होते.

शहराच्या कडेला भैरोबाची टेकडी. तिच्यावरून एक पायवाट पलीकडच्या आंबेघर गावात उतरायची. शाळेतून निवृत्त झाल्यावरही मास्तर त्याच वाटेवर पोरापोरींना पळायला शिकवत. आंबेघरला जाऊन परत येण्याचा सगळ्यांत कमी वेळ रेवतीचा होता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

मागच्या महिन्यात एका बंगलेवाल्याने टेकडीच्या माथ्यावर, ऐन वाटेवर, दोन पुरुष उंच भिंत घातली. मास्तरांनी सरकारी कचेरीत अर्ज केले. उत्तर आलं, की कागदावर इथं वाट नाहीच.

रेवतीचं म्हणणं सरळ होतं. शहरात लाल मातीचा नवा ट्रॅक झालाय, तिथं जावं. भिंतीपुढे कुणाचं काय चालणार?

"चल," म्हणून मास्तर टेकडीकडे पळत सुटले.

ती त्यांच्या कितीतरी आधी माथ्यावर पोचली. मास्तर धापा टाकत आले. त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला. वळले आणि उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

बंगल्याचा राखणदार आधी हसला, मग दरडावू लागला. एका सकाळी त्याने वाटेवर बाभळीच्या फांद्या पसरल्या. मास्तर खाली बसले, एकेक फांदी उचलून बाजूला ठेवू लागले. रेवती नुसती बघत राहिली. मास्तरांच्या तळहातात काटा मोडला, रक्त आलं. तोच हात त्यांनी भिंतीवर टेकवला.

रेवतीला लाज वाटली. मास्तरांची. दुसऱ्या दिवसापासून ती ट्रॅकवर जाऊ लागली.

पंधरा दिवसांत तिचा वेळ आणखी खाली आला. ते सांगायला ती मास्तरांच्या घरी गेली, तर ते अंथरुणात. हात कोपरापर्यंत सुजलेला, अंगात ताप. तिने वेळ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"माथ्यावर गवत आलंय का गं?"

"...माहीत नाही."

मास्तरांनी अंथरुणालगतच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या प्रश्नाने तिला चैन पडेना. सकाळी ती टेकडीवर गेली. दोन्ही बाजूंनी गवत वाटेवर झुकलेलं, मधे पुन्हा काटे. ती उकिडवी बसली आणि काटे उचलू लागली. राखणदार धावत आला, पोलिसांना बोलावीन म्हणाला.

"बोलवा," रेवती म्हणाली, आणि पुढची फांदी उचलली.

त्याने फोन काढला, हातात धरून ठेवला... लावला नाही.

ती भिंतीपाशी गेली. तळहात टेकवला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने भिंतीवर दोन थापा मारल्या.

पलीकडून दोन थापा आल्या.

रेवती दचकली. भिंतीपलीकडून एका बाईने विचारलं, मास्तर आलेत का? चार दिवस त्यांची चाहूल नाही. आंबेघरची माणसं रोज वर येतात, म्हणाली; कुणी पाण्याला जाता-जाता, कुणी गुरांमागे. रोजच्या पावलांनी त्यांच्या बाजूची वाट अगदी लखलखीत आहे.

रेवती उतरली ती थेट मास्तरांच्या घरी. पायरीवरच बसली. तिच्या बोटांना ठिकठिकाणी काटे लागले होते.

पलीकडे माणसं येतात हे मला का नाही सांगितलं, तिने विचारलं.

मास्तर तिची बोटं बघत राहिले.



"उद्यापासून मी जाईन रोज," ती म्हणाली. "पण मास्तर, एवढं करून भिंत तसूभर हललेली नाही."

मास्तर उठून बसले. बरा हात लांबवून त्यांनी कोपऱ्यातले बूट ओढले.

"आपण तरी कुठं हललो?"