चुंदीची सायकल आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग

एक होतं तळं. तळ्याभोवती होता रस्ता. गोल गोल रस्ता. थोडा चढ, थोडा उतार आणि मध्ये एक लाकडी पूल.

रस्त्याच्या कडेला होतं अंजनाआत्याचं सायकलचं दुकान. दुकानातल्या जुन्या टायरमध्ये राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चुंदी.

चुंदी एवढीशी. नाक मात्र हे एवढं लांब! आणि त्या नाकाच्या शेंड्यावर काय होतं, सांगा बरं? राग! तिथेच बसलेला असायचा.

तर या चुंदीने काय केलं? सायकल बनवली! स्वतःची! आत्याच्या दुकानात जे खाली पडेल, ते तिने उचललं. छत्रीच्या काड्यांचा सांगाडा. बाटलीच्या बुचांची चाकं. चिंचोक्याची सीट. घुंगराची घंटी. आणि हँडल कसं? शर्यतीच्या सायकलीसारखं, खाली वळलेलं! दात लावून वाकवलं, जोर लावून आवळलं. अख्खा पावसाळा खपली बिचारी. कुणी मदत केली का? छे! कुणीसुद्धा नाही.

आता उजाडला रविवार. रविवारी सकाळी तळ्याचा रस्ता फक्त सायकलींचा. पण कुठवर? ऊन रस्त्यावर उतरेपर्यंत. ऊन उतरलं की वॉचमनदादा रस्त्यावरचा आडवा दांडा वर करतो. मग मोटारी येतात. पोंऽऽ पोंऽऽ! मग एवढ्याशा चुंदीने जायचं कुठून?

चुंदीला हवी होती एक चक्कर. अख्ख्या तळ्याची एक चक्कर. ऊन यायच्या आधी.

राहिला होता फक्त छर्रा. छर्रा म्हणजे लोखंडाची इवलीशी गोळी. चकचकीत. ती चाकाच्या मध्ये बसते. छर्रा असला की चाक फिरतं. छर्रा नसला की चाक अडतं.

छर्रा ग्रीसमध्ये बसवायचा असतो. ग्रीस म्हणजे काळं काळं, चिकट चिकट. त्यात छर्रा चिकटून बसतो. पण चुंदीला घाई! तिने ग्रीस लावलंच नाही. कोरडाच छर्रा बसवला. सायकल उचलली आणि...

टिंग! टण टण टण! गडगड गडगड!

छर्रा पडला. पायरीवरून घरंगळला. गेला थेट खेकड्याच्या बिळात.

चुंदी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"खेकडेदादा, खेकडेदादा, माझा छर्रा दे ना रे!"

खेकडा म्हणाला, "माझ्या बिळात आलं, ते माझं."

माझं म्हणे! ऐकलंत? लाज कशी वाटत नाही!

खेकडा म्हणाला, "बीळ माझं सुकलंय. अंग माझं खाजतंय. घमेलं पाणी सांडेल, तर छर्रा देईन. नाहीतर नाही. जा!"

चुंदीला आला राग. कुठे आला? नाकाच्या शेंड्यावर! नाक झालं लाल. फुस्स!

दुकानात होतं घमेलं. पाण्याने भरलेलं. आत्या त्यात ट्यूब बुडवायची आणि पंक्चर शोधायची. चुंदी गेली घमेल्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"घमेलेराव, घमेलेराव, पाणी सांडा ना हो!
खेकडा छर्रा देईना,
चाक माझं फिरेना,
ऊन काही थांबेना!"

घमेलं म्हणालं, "मी केवढं जड! आपोआप कसं कलंडू? आत्या उठेल, तर पाणी सांडेन. नाहीतर नाही. जा!"

चुंदीला आला राग. कुठे आला? नाकाच्या शेंड्यावर! नाक झालं लाल. फुस्स! फुस्स!

आत्या बसली होती खाटेवर. एक डोळा उघडा, एक मिटलेला. चुंदी गेली आत्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"आत्या, आत्या, ऊठ ना गं!
घमेलं पाणी सांडेना,
खेकडा छर्रा देईना,
चाक माझं फिरेना,
ऊन काही थांबेना!"

आत्याने दिली जांभई. आऽऽऽ! आत्या म्हणाली, "हे बघ चुंदे, चहा झाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. कधीच लावला नाही. किटली उकळेल, तर उठेन. नाहीतर नाही. जा!"

आणि तिने दुसरा डोळाही मिटला! आता काय म्हणावं या आत्याला?

चुंदीला आला राग. कुठे आला? नाकाच्या शेंड्यावर! नाक झालं लाल. फुस्स! फुस्स! फुस्स!

चुलीवर बसली होती किटली. मस्त ऐटीत. चुंदी गेली किटलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"किटलीताई, किटलीताई, उकळ ना गं!
आत्या काही उठेना,
घमेलं पाणी सांडेना,
खेकडा छर्रा देईना,
चाक माझं फिरेना,
ऊन काही थांबेना!"

किटली म्हणाली, "माझं बूड बघ. थंडगार! चूल पेटेल, तर उकळेन. नाहीतर नाही. जा!"

इकडे ऊन टेकडीवर आलं. हळूच आलं. पिवळं पिवळं आलं.

चुंदीला आला राग. कुठे आला? नाकाच्या शेंड्यावर! नाक झालं लाल लाल. फुस्स! फुस्स! फुस्स!

किटलीच्या खाली होती चूल. चुंदीने खाली वाकून पाहिलं.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना गं!
किटली काही उकळेना,
आत्या काही उठेना,
घमेलं पाणी सांडेना,
खेकडा छर्रा देईना,
चाक माझं फिरेना,
ऊन काही थांबेना!"

चूल म्हणाली, "राखेत माझा निखारा झोपलाय. फुंकणी हरवलीय. वारा कोण घालणार? कोंबडा पंख हलवेल, तर पेटेन. नाहीतर नाही. जा!"

ऊन टेकडीवरून उतरलं. पाण्याच्या टाकीवर आलं. बाई बाई! किती तो उशीर!

चुंदीला आला राग. कुठे आला? नाकाच्या शेंड्यावर! नाक झालं लाल लाल लाल. फुस्स! फुस्स! फुस्स! फुस्स!

दुकानाच्या छपरावर झोपला होता कोंबडा. चुंदी चढली छपरावर. तुरुतुरु, तुरुतुरु! घसरली. पुन्हा चढली.

"कोंबडेबुवा, कोंबडेबुवा, पंख हलवा ना हो!
चूल काही पेटेना,
किटली काही उकळेना,
आत्या काही उठेना,
घमेलं पाणी सांडेना,
खेकडा छर्रा देईना,
चाक माझं फिरेना,
ऊन काही थांबेना!"

कोंबड्याने पंखातून मान काढली. कोंबडा म्हणाला, "आज काय वार?"

"रविवार!"

"रविवारी मी उठत नाही. सोमवारी बघू."

आणि मान परत पंखात!

सोमवारी म्हणे! अहो, सोमवारी रस्ता मोटारींचा! सोमवारी काय उपयोग? मला तर असं वाटलं, जावं आणि त्याचा तो तुरा धरून चांगला हलवावा. तुम्हाला नाही वाटलं?

चुंदीला आला राग. असा राग, की बास! शेपटी ताठ. मिश्या ताठ. नाक झालं लाल लाल लाल लाल, मिरचीसारखं!

चुंदीने मारली उडी. छपरावरून खाली. धप्प! चुलीसमोर उभी राहिली. आणि ओरडली,

"कोंबडा पंख हलवेना! फुस्स!
चूल काही पेटेना! फुस्स!
किटली काही उकळेना! फुस्स!
आत्या काही उठेना! फुस्स!
घमेलं पाणी सांडेना! फुस्स!
खेकडा छर्रा देईना! फुस्स!
चाक माझं फिरेना! फुस्स!
ऊन काही थांबेना! फुस्सऽऽऽऽ!"

आणि काय झालं? पहिल्या फुस्सने राख उडाली. दुसऱ्या फुस्सने निखारा जागा झाला. मग निखारा लाल. मग आणखी लाल. चुंदीच्या नाकाएवढा लाल! आणि शेवटच्या फुस्सने,

भक्क! चूल पेटली.

चूल पेटली, तशी किटली उकळली. खदखद खदखद!

किटली उकळली, तशी आत्या उठली. सुर्रर्र! सुर्रर्र! चहा प्याली. पदर खोचला. म्हणाली, "हं! आता बोल."

आत्या उठली, तसं घमेलं कलंडलं. खळ्ळ! पाणी सांडलं.

पाणी गेलं थेट बिळात. बुडबुड बुडबुड! बीळ ओलं झालं. खेकडा वर आला. नांगीत छर्रा. म्हणाला, "तसा हा माझ्या बिळात आला होता, म्हणजे माझाच..."

चुंदी म्हणाली, "फुस्स!"

"घे बाई, घे! तुझाच छर्रा, तुझाच!"

चुंदीने छर्रा घेतला. आत्याने छर्रा पाहिला. चाक पाहिलं. आणि कमरेवर हात ठेवला.

"काय गं चुंदे? कोरडाच बसवलास होय?"

चुंदी हळूच म्हणाली, "घाई होती."

"घाईच्या बाई! ग्रीसशिवाय छर्रा राहतो का कधी?"

आत्याने करंगळीवर घेतलं ग्रीस. काळं काळं, चिकट चिकट. चाकात लावलं. चुंदीने छर्रा ठेवला. पचक! चिकटून बसला. आत्याने पान्याने आवळलं. चुंदीने चाकाला दिला एक टोला.

गर्रर्रर्र! चाक फिरलं!

पण ऊन? अगं बाई, ऊन! ऊन दुकानाच्या छपरावर आलं होतं! आता पायरी, मग रस्ता!

चुंदी चिंचोक्यावर बसली. टिंग टिंग! निघाली.

उतार आला. सुर्रर्रर्र! कान मागे, मिश्या मागे, शेपटी हवेत.

पूल आला. खडखड खडखड! खाली पाणी, वर चुंदी.

चढ आला. हुश्श! हुश्श! पाय दुखले. चुंदी थांबली का? मुळीच नाही! एक पाय खेकड्याच्या नावाने दाबला. एक पाय कोंबड्याच्या नावाने दाबला. खेकडा! कोंबडा! खेकडा! कोंबडा! चढ संपला.

वर आला गार वारा. तळं दिसलं. सगळंच्या सगळं तळं! पाण्यात ढग, पाण्यात टेकडी. चुंदीला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की ती हसली. आणि राग कुठे गेला? गेला वाऱ्यावर उडून. थोडासा राहिला, नाकाच्या अगदी टोकाला.

टिंग टिंग! टिंग टिंग! चक्कर पुरी झाली. चुंदी दुकानाच्या पायरीवर चढली, ऊन रस्त्यावर उतरलं, आणि वॉचमनदादाने दांडा वर केला.

पोंऽऽ पोंऽऽ! मोटारी आल्या. आल्या तर आल्या! चुंदीची चक्कर झाली होती.

आता या दुकानाची एक रीत होती. नवी सायकल आली, की सगळ्यांना एकेक चक्कर द्यायची. मग काय, झाली गर्दी!

खेकडा म्हणाला, "मला एक चक्कर दे ना!"

घमेलं म्हणालं, "मला पण!"

किटली म्हणाली, "मला पण!" चूल म्हणाली, "मला पण!"

आणि छपरावरून कोण आलं? पंख फडफडवत, धावत धावत? कोंबडा! आत्ता हलले बरं का पंख! कोंबडा म्हणाला, "मला दोन!"

दोन! बघा, बघा याचा तोरा!

चुंदीचं नाक झालं लाल. ती म्हणाली, "देईन. रीत आहे, म्हणून देईन. पुढच्या रविवारी देईन. पण नीट ऐका!

कोंबडा पंख हलवेल,
मग चूल पेटेल,
मग किटली उकळेल,
मग आत्या उठेल,
मग घमेलं सांडेल,
मग खेकडा सायकल पुसेल,
मग चाक माझं फिरेल.
ऊन काही थांबणार नाही!"

सगळ्यांनी माना हलवल्या. आत्या खो खो हसली. कोंबडा तेवढा म्हणाला, "पण रविवारी तर मी..."

चुंदी म्हणाली, "फुस्स!"

"उठतो! उठतो!"

आणि मग शनिवार आला. संध्याकाळ झाली. सगळ्यांच्या आधी कोण झोपलं, माहितीये? कोंबडा!

आणि रविवारी? टेकडीवर ऊन नाही. टाकीवर ऊन नाही. छपरावर तर नाहीच नाही. तेवढ्यात,

कुकूऽऽच कू! फडफड फडफड!

भक्क! खदखद! सुर्रर्र! खळ्ळ! पुस पुस पुस!

गर्रर्रर्र!

टिंग टिंग!