सखाहरीनं कपाट रंगवलं

बोरखेडीत सखाहरी नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा म्हणजे मूर्ख नव्हे, असं त्याची आई म्हणायची. बाकी गावात तसं कोणी म्हणत नसे.

त्याची बायको कौसल्या बुंदीचे लाडू करून विकायची. लाडवांची कीर्ती तालुक्यापर्यंत गेली आणि एक दिवस निरोप आला. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई रविवारी येणार, स्वयंपाकघर बघणार, पसंत पडलं तर दिवाळीचे पाचशे लाडू कौसल्येलाच सांगणार.

कौसल्येनं स्वयंपाकघरावर नजर फिरवली. सगळं ठीक होतं, पण लाकडी कपाटाचे पोपडे निघाले होते. नवं घ्यायची ऐपत नव्हती. तिनं डबाभर हिरवा रंग नि चार पॉलिश पेपर आणले.

"अहो, मी डाळ दळून आणते. तोवर दारं काढून ठेवा. सुटी करून रंगवलेली बरी."

ती परत आली, तर रस्त्यावरूनच थेट परसातली म्हैस दिसली. पुढचं दार नाही, मागचं नाही. न्हाणीचंही नाही. न्हाणीतून सासूबाई ओरडत होत्या. सखाहरी घाम पुसत तिन्ही दारांवर बसला होता.

"अहो, घराची कशाला काढलीत? स्वयंपाकघराबाहेर कशालाही हात लावायचा नाही!"

"असं आधी सांगायचं," सखाहरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती तूप आणायला निघाली. जाताना म्हणाली, "आज पॉलिश पेपरनं घासून ठेवा. सगळी चकाकी गेली पाहिजे, तरच रंग धरतो."

सखाहरीनं स्वयंपाकघराबाहेर कशालाही हात लावला नाही. आत मात्र पितळी पातेली, स्टीलचे डबे, कौसल्येच्या माहेरची कळशी, सगळ्यांची चकाकी घालवली. कपाटाचा नंबर अजून लागायचा होता.

"भांडी कशाला घासलीत? लाकडाचं काम आहे, लाकडाचं!"

"असं आधी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी त्यानं लाकूड शोधून शोधून रंगवलं. पोळपाट हिरवा झाला. लाटणं हिरवं, रवी हिरवी. स्वयंपाकघरात डोकावलेल्या सासूबाईंची काठी हिरवी आणि काठी धरणारा हातही हिरवा.

कौसल्येनं पदर खोचला. कपाट स्वतः घासलं, उरलेला रंग स्वतः दिला. कपाट असं उजळलं, की ती हरखून म्हणाली, "कोणी विचारलं तर नवंच आहे म्हणा!"

शनिवारी ती बाजारात गेली. शेजारच्या मथुराकाकू डोकावल्या.

"सखाहरी, कपाट नवं रे?"

"नवंच आहे."

"मग जुनं मला दे की."

सखाहरीनं जुनं कपाट घरभर शोधलं. घरात कपाट एकच होतं. त्यानं ते रिकामं केलं आणि काकूंच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

ते परत आणताना कौसल्येची कंबर धरली, पण ती रागावली नाही. नवऱ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "चूक माझीच. खोटं कशाला बोलायचं? गरिबीत कसली लाज? उद्या बाईंनी विचारलं तर खरं सांगा. जुनंच आहे, वरून रंग दिलाय, नवं परवडत नाही."

सखाहरीनं ते दहादा घोकलं.

रविवारी बाई आल्या. कपाट पाहिलं, मान डोलावली, पण विचारलं काहीच नाही. सखाहरी ताटकळला. कौसल्या पाणी आणायला परसात गेली. बाईंनी ताटलीतला केशरी लाडू उचलला, एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा! अगदी ताजा दिसतोय. आजचाच ना?"

सखाहरीचा चेहरा खुलला.

"छे हो बाई! जुनाच आहे. वरून रंग दिलाय. नवा परवडत नाही."

बाईंचा घास तोंडातच थांबला.

"घाबरू नका," सखाहरी समजुतीनं म्हणाला. "आधी पॉलिश पेपरनं चांगला घासून घेतलाय."