गावची बाग, गिरजाची बाग

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी, ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्यानंही विचारू नये. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक फुलबाग होती.

बाग कुणा एकाची नव्हती. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, की घरातलं माणूस गेलेलं असो, त्या घरच्यांनी टोपली घेऊन यावं आणि लागतील तेवढी फुलं न्यावीत, अशी गावाची रीत होती. फुलं विकायची मात्र नाहीत. बागेला माळीही नव्हता. ज्याला सवड असेल त्यानं सकाळी यायचं, समोर दिसेल ते काम करायचं आणि मग आपल्या उद्योगाला लागायचं.

हैबती तेली घाणा जुंपायच्या आधी यायचा. पंतोजी शाळा भरायच्या आधी यायचे. विणकराच्या दोघी लेकी यायच्या. त्यांचं काम कमी आणि बडबड जास्त. आणि येसूमावशी यायची. ती गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. आता गुडघे धरले होते, म्हणून ती एका दगडावर बसून वाळकी फुलं खुडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची.

बाग फार देखणी होती असं नाही. शेवंतीच्या वाफ्यात झेंडू घुसलेला, जुईचा वेल मांडव सोडून कुंपणावर गेलेला. पण फुलं कधी कमी पडली नाहीत.

या गावात एका पावसाळ्यात गिरजा राहायला आली. तिचे वडील राजाच्या बागेत मुख्य माळी होते. लहानपणापासून ती त्यांच्या मागे मागे फिरलेली, त्यामुळे कुठलं रोप कशानं रुसतं आणि कशानं खुलतं हे तिला न विचारता कळायचं. पुढे वडील गेले. लग्नानंतर चार वर्षांतच नवराही तापानं गेला. मग ती भावाच्या आश्रयाला या गावात आली. भाऊ-भावजय वाईट नव्हते. पण दिवसभर घरात आपल्यावाचून काही अडत नाही, हे तिला जाणवायचं आणि जेवताना ती दोन घासांवर उठायची.

एके सकाळी ती बागेच्या कुंपणापाशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही उभी राहिली. तिसऱ्या दिवशी येसूमावशीनं हाक मारली, "अगं पोरी, बाहेरून काय बघतेस? आत ये आणि हात लाव."

गिरजा आत गेली आणि तिनं हात लावला.

दसऱ्याला बाग अशी फुलली, की लोक कुंपणापाशी थांबून बघायला लागले. शेवंतीचे झुबके मुठीएवढे. झेंडूच्या रांगा सुतानं आखल्यासारख्या. शेजारच्या गावची माणसंही बघून गेली. "गिरजाबाईंनी सोनं केलं बागेचं," असं जो तो म्हणू लागला. पाणवठ्यावर बायका तिला जागा करून देऊ लागल्या. कितीतरी दिवसांनी तिला रात्री शांत झोप लागू लागली.

इथपर्यंत सगळं छान झालं. पण कौतुक मिळालं, की ते जाईल की काय अशी भीतीही मागोमाग येते. गिरजाचं तसंच झालं. एखादं रोप मान टाकलेलं दिसलं, की ती तिथंच थबकायची. 'लोक काय म्हणतील? गिरजाबाईंची बाग आणि असं रोप?'

होळी झाल्यावर निशिगंधाचे कंद लावायचे होते. हैबती म्हणाला, "मी लावतो ही रांग." गडी धिप्पाड, हात घाण्यातल्या जाड लाकडी लाटेसारखे. त्यानं मनापासून खड्डे घेतले, एकेक कंद जपून ठेवला, माती सारली. रांग वाकडी झाली आणि कंद फार खोल गेले. गिरजा बघत होती. चूक सांगितली नाही, उलट हसून म्हणाली, "झालं का? छान."

हैबती गेला. ती खाली बसली, सगळे कंद उकरून काढले आणि पुन्हा सरळ रांगेत लावले.

तिला वाटलं, कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हैबती आला नाही. निरोप आला, घाण्याचं काम वाढलंय. पंतोजींनी जुईला बांबूचे टेकू दिले; संध्याकाळी गिरजानं ते सोडून नव्यानं बांधले. महिन्याभरात पंतोजींनाही शाळेतून सवड मिळेनाशी झाली. विणकराच्या लेकींनी घातलेलं पाणी तिला कमी वाटायचं. मग त्यांच्यादेखत ती पुन्हा झारी भरून आणायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या. हळूहळू त्यांचंही येणं थांबलं.

येसूमावशी तेवढी यायची. तिची नजर आता मंद झाली होती. कधी वाळक्या फुलाबरोबर एखादी टपोरी कळीही खुडली जायची. गिरजा तिच्या हातातली टोपली अलगद काढून घेत म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसत्या बसा. उन्हातान्हात कशाला हाताला त्रास?"

मावशी दोन दिवस नुसती बसली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

कुणी भांडलं नाही, कुणी वाकडा शब्द काढला नाही. गिरजाला वाटलं, माणसं आपापल्या कामात आहेत. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. आता बाग तिच्या मनासारखी राहणार होती.

राहिलीही, पुढचा उन्हाळा येईपर्यंत.

त्या वर्षी चैत्रातच बागेतल्या विहिरीनं तळ दाखवला. पाणी नदीच्या डोहातून आणावं लागे. गिरजा पहाटेपासून कळशा वाहायची. डाव्या खांद्यावर सूज आली, तेव्हा उजव्या खांद्यावर घ्यायला लागली. मोगऱ्याला पाणी द्यावं तर शेवंती माना टाकायची, शेवंतीकडे जावं तर जाई करपायची. एवढ्या मोठ्या बागेला एका बाईच्या कळशा किती पुरणार? तरी तिनं कुणाला हाक मारली नाही. कशी मारणार? सगळे कामात होते ना.

एका दुपारी डोहाच्या पायऱ्यांवर तिचा पाय सरकला. कळशी फुटली आणि पायाचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि बजावलं, "दीड महिना उठायचं नाही."

पडल्या पडल्या ती भावजयीला रोज विचारायची, "वहिनी, बागेत कोण जातंय?"

सातव्या-आठव्या दिवशी भावजय जरा नवलानं म्हणाली, "अहो वन्सं, कोण जाणार? ती तुमची बाग ना?"

त्यात टोमणा नव्हता. भावजय साधी बाई, तिला खरंच तसं वाटत होतं. गिरजा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. 'तुमची बाग.' दोन वर्षांपूर्वी हेच शब्द ऐकून ती मोहरली असती.

त्याच पंधरवड्यात येसूमावशी गेली. म्हातारपणानं, झोपेतच गेली.

तिच्यासाठी फुलं आणायला माणसं टोपल्या घेऊन बागेत गेली. सगळे वाफे वाळून काड्या झालेले. कोपऱ्यातल्या मोगऱ्यावर पाच-सात कळ्या होत्या, त्याही करपलेल्या. जिनं अर्ध्या गावाला पहिली अंघोळ घातली, ती गावची मावशी शेवटी तुळशीच्या चार डहाळ्या आणि कडुलिंबाचा पाला पांघरून गेली.

हे भावजयीनं गिरजाला सांगितलं. मावशीच्या हातातून टोपली काढून घेतली होती तो क्षण तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मावशी तेव्हा रागावली नव्हती. नुसती आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसली होती. आता माफी मागायची तरी कुणाची?

मावशीची मागता येणार नव्हती. ज्यांची मागता येत होती, त्यांच्याकडे जायला हवं होतं.

दीड महिना पुरा व्हायच्या आतच ती काठी टेकत टेकत हैबतीच्या घाण्यावर गेली. बैल गोल फिरत होता, लाट करकरत होती. हैबतीनं तिला पाहिलं आणि बसायला पाट सरकवला. मग पुन्हा बैलाकडे वळला.

"हैबतीदादा," गिरजा म्हणाली, "तुम्ही बागेत यायचं का सोडलंत?"

"काम वाढलं."

"खरं सांगा."

हैबतीनं बैलाला थोपवलं. करकर थांबली. "खरं ऐकायचंय? मग ऐका. त्या दिवशी माझं उपरणं बागेत राहिलं होतं. न्यायला परत आलो, तर तुम्ही माझे कंद उकरत होता. फाटकातूनच मागे फिरलो. घरी आलो आणि आपलेच हात बघत बसलो. बारा वर्षं मी त्या बागेत राबलो, बाई. एवढे का हे हात वाईट?"

गिरजाचे डोळे भरून आले. "कंद खोल गेले होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तोंडावर बोलले नाही."

"सांगितलं असतं तर काही वाईट वाटलं नसतं. न सांगता उकरलेत, त्याचं वाटलं."

मग गिरजा म्हणाली, "रोपं जगावीत म्हणून करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं, दादा. लोकांनी मला चांगलं म्हणावं, म्हणून करत होते. इथं आले तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं हो. पण त्यापायी तुमच्या हातातलं काम गेलं आणि मावशीला फुलं मिळाली नाहीत. माझं चुकलं."

हैबती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, "किती खोल लावायचा असतो निशिगंध?"

"बोटभर. त्याहून खाली गेला, की कोंबाला वर यायला फार लांब पडतं."

"हातभर लावला होता मी," हैबती म्हणाला, आणि त्याला एकदम हसू आलं. गिरजाही डोळे पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीचा बैल घाण्याला जुंपला गेलाच नाही. पाठीवर पाण्याची पखाल घेऊन तो डोहावरून बागेकडे निघाला. गिरजा काठी टेकत पंतोजींच्या शाळेत गेली, विणकराच्या दारी गेली. पंतोजी लगेच आले. विणकराच्या लेकींनी मात्र आठवडाभर वाट बघायला लावली, आणि त्यांचंही काही चुकलं नाही.

गिरजाला अजून वाकता येत नव्हतं. मोगऱ्याजवळ तिवई टाकून ती बसायची आणि विचारलं तर सांगायची. कुणी आळं उथळ केलं, तर म्हणायची, "आणखी वीतभर खणा, मुळाला पाणी पोचायला हवं." कुणी फांदी जास्त छाटली, तर हात शिवशिवायचे, पण ती ते मांडीखाली दाबून धरायची. हे तिला सोपं गेलं नाही. कधी कधी तिचं तोंड एवढंसं व्हायचं. तेव्हा विणकराची धाकटी लेक म्हणायची, "गिरजामावशी, घ्या हो, ओरडा आमच्यावर, म्हणजे बरं वाटेल." मग सगळे हसायचे आणि ओरडायचं राहूनच जायचं.

अर्धी बाग त्या उन्हाळ्यात मेली ती मेलीच. उरलेली जगली. आश्विनात फुलं आली. पूर्वीसारखे मुठीएवढे झुबके नव्हते, रांगाही सुतात नव्हत्या. पण त्या महिन्यात गावात तीन लग्नं झाली आणि एकाही मांडवात फुलं कमी पडली नाहीत.

अशी आठ-दहा वर्षं गेली. एकदा गिरजाची थोरली बहीण आजारी पडली. तिच्या सेवेसाठी गिरजाला दूरच्या गावी जावं लागलं आणि तिथं तिचे आठ महिने गेले. बहीण बरी झाल्यावर ती परतली, ती घरी न जाता थेट बागेत गेली. वाटेत मनात नाना शंका येत होत्या. कुणी छाटणी केली असेल का? कीड तर पडली नसेल?

बाग फुलून आली होती. सोनचाफ्याखाली कुणीतरी अबोली लावली होती. तिनं स्वतः तिथं ती कधीच लावली नसती. पण सावलीत तो केशरी वाफा सुरेख दिसत होता. बागेत सात-आठ माणसं होती, त्यातली निम्मी तिच्या ओळखीची नव्हती. एक तरुण बाई, गावात नुकतीच लग्न होऊन आलेली, खुरपं घेऊन पुढे आली.

"बाई, फुलं हवीत का? कुणाकडे कार्य आहे?"

"नाही गं. नुसती बघायला आले."

"मग बघत काय उभ्या राहता? तिकडे तण माजलंय, काढू लागा की." तिनं गिरजाच्या हाती खुरपं दिलं. "आणि हो, मुळासकट काढा हं. वरवर तोडलं की परत येतं. आम्हाला सगळं नीट शिकवलंय इथं."

गिरजाच्या मनात क्षणभर काहीतरी टोचलं. मग तिचं मन भरून आलं.

"बरं," एवढंच ती म्हणाली. पदर खोचून ती त्या अनोळखी पोरीशेजारी बसली आणि तिनं दाखवलं तसं मुळासकट तण काढू लागली.

बोध असा: सगळ्यांचं काम आपल्याला कितीही चांगलं येत असलं, तरी ते दुसऱ्याच्या हातून काढून घेऊ नये, त्याला शिकवावं आणि त्याच्या हाती राहू द्यावं, म्हणजे कामही टिकतं आणि माणसंही.