जांघेतली गाठ

अंगातले अवयव बोलायचे, त्या काळातली गोष्ट. मायाप्पा धनगराच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. नस बोंबलत मेंदूकडं धावली आणि पापणी लवायच्या आत पाय वर उचलला गेला. मायाप्पानं काटा उपटला, पण टोक आतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी जांघेतली गाठ लिंबाएवढी सुजली. नस परत मेंदूकडं गेली. "मालक, काटा कधीच निघाला. ही बया उगाच फुगून बसलीय. चोळून जिरवा हिला!"

मेंदूनं गाठीला दरडावलं, "काय गं, कशाला फुगलीस?"

गाठ म्हणाली, "टाचेकडून येणारं पाणी मी गाळते. आज त्यात विष आलंय, ते मी अडवून धरलंय. मला चोळलंत तर ते वर काळजाकडं जाईल. आधी टाच उकरा."

नस हसली. "जागची हलत नाही, हिला काय कळतंय?"

"हलले नाही, म्हणूनच विष वर गेलं नाही."

मेंदूनं टाच उकरायला लावली. पू वाहिला, काळं पडलेलं टोक निघालं. आठवड्याभरात गाठ मुकाट बसली.

नस अजून सांगत फिरते, "टोक काढताना मी केवढ्यानं ओरडले!"